कॅज्युअलचे 50 डॉलर, पर्मनंटचे 40

तुम्ही लिहिलंय की पीआर (ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना) झालाय, मेलबर्नमधली एक एजन्सी ताशी 50 डॉलरवर अकाउंट्सचं कॅज्युअल काम देतेय, आणि सहा महिन्यांनी पर्मनंट होता येईल असं सांगतेय. तेव्हा पगार किती वाढेल, हा तुमचा प्रश्न.

वाढणार नाही. ताशी दर बहुतेक खालीच येईल. मीही याच वाटेने आलो. पर्मनंटचं पत्र उघडून आकडा पाहिला आणि मला फसवलं असं वाटलं. तसं नव्हतं, पण ते कळायला वेळ लागला.

ऑस्ट्रेलियात कॅज्युअल माणसाला वार्षिक रजेचे, आजारपणाचे, सार्वजनिक सुटीच्या दिवसाचे पैसे नाहीत. त्या बदल्यात मूळ दरावर साधारणपणे 25 टक्के लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, मिळते. म्हणजे तुमच्या 50 मध्ये 40 मूळ आणि 10 लोडिंग असणार, एजन्सीला विचारून खात्री करा. पर्मनंट झालात की ते 10 गेले.

हिशेब तासाचा नको, वर्षाचा करा. आठवड्याला 38 तास धरले तर 40 च्या दराने पर्मनंटचे वर्षाला 79,040 डॉलर होतात. त्यातच चार आठवड्यांची रजा, आजारपणाचे 10 दिवस आणि सार्वजनिक सुट्या आल्या. सोपं जावं म्हणून सुट्या 10 धरू. कॅज्युअल असताना हेच 40 दिवस घरी बसलात तर 220 दिवसांचे 83,600 मिळतात. साडेचार हजारांनी जास्तच. पण मध्ये चार आठवडे काम नसलं की तेच 76,000 वर येतात.

आणि काम नसतं. माझ्या पहिल्या डिसेंबरात नाताळाच्या आधी ऑफिस बंद झालं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उघडलं. दर गुरुवारी खात्यात पैसे यायचे, ते तीन गुरुवार आलेच नाहीत. भाडं मात्र ठरल्या दिवशी कापलं गेलं. ऑफिस उघडल्यावर आम्हा चार कॅज्युअलपैकी दोघांनाच परत बोलावलं. उरलेल्या दोघांना नोटीस पगार नाही, काही नाही. पर्मनंट असते तर पहिल्या वर्षातही निदान एका आठवड्याची नोटीस मिळाली असती.

सुपर, म्हणजे इथला निवृत्तीचा फंड, दोघांनाही मिळतो. जुलै 2025 पासून तो 12 टक्के आहे. खरी चूक इथे होते. पर्मनंटच्या पत्रात ‘90,000 पॅकेज, सुपर धरून’ असं असेल तर पगार साधारण 80,357 च आहे. ‘90,000 अधिक सुपर’ असेल तर गोष्ट वेगळी. ही एक ओळ दोनदा वाचा.

ऑगस्ट 2024 पासून, प्रत्यक्षात काम कॅज्युअलसारखं राहिलं नसेल तर, सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः लेखी देऊन पर्मनंट मागू शकता. 15 पेक्षा कमी माणसं असतील तर वर्षाने. मालकाला 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. पण पगार तुमची एजन्सी देते, त्यामुळे अशा अर्जाने तुम्ही एजन्सीचे पर्मनंट होता, ज्या कंपनीत बसता तिचे नाही. त्या कंपनीने थेट घेतलं तर ती नवी नोकरी, आणि मूळ दराबद्दल बोलायची संधी तीच. लोडिंग वजा करून आलेला आकडा गपचूप घेऊ नका. सहा महिन्यांत त्यांचं काम तुम्ही शिकलेले असता, ताशी 44-45 मागायला काहीच हरकत नाही. मी मागितले नाहीत, आणि पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावरच मोजली गेली.

ही ऑफर मात्र घ्या. इथला अनुभव नाही म्हणून अडलेल्या माणसाला दार याच कामाने उघडतं. फक्त ताशी 50 वर घरभाडं ठरवू नका, 40 धरून ठरवा. वरचे 10 डिसेंबरसाठी बाजूला टाका.