साडेतीन रुपयांची झाली तारीख

प्रश्न : सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, इतिहासात पीएचडी चालू आहे. पणजोबांचं किराणा दुकान होतं, गिऱ्हाईक बहुतेक मिलमधलं, पगार होईपर्यंत सगळी उधारी. त्या उधारीच्या १९४८ ते १९५६ च्या ११ वह्या माळ्यावर सापडल्या. अक्षर थोडं मोडी, बाकी बाळबोध, मधेच तेलुगू. पगाराच्या आधीच्या दिवसांत लोक काय घ्यायचे नि काय बंद करायचे ते मला बघायचंय. एका ओळखीच्यांनी सॉफ्टवेअर करून द्यायचे ८० हजार सांगितले. बीसीएतला भाऊ म्हणतो, मीच ॲप बनवतो. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आत्ता दोघांचंही नको. ८० हजार तर अजिबात नको, आणि भावाला सांगा ॲप दिवाळीनंतर. आधी वहीतली एक ओळ एक्सेलमध्ये कशी उतरवायची ते ठरवा, सगळी मेख तिथंच आहे, बटणं काय कुणीही बसवतं.

माझीच फजिती सांगतो. घरची एक जुनी वही मी लई उत्साहात टाइप करायला घेतली, एका ओळीत ३-८-६ होतं, म्हणजे तीन रुपये आठ आणे सहा पै, एंटर मारलं आणि एक्सेलनं त्याची २००६ सालची तारीख करून टाकली की हो! कळलं कधी, तर दोनशे ओळी झाल्यावर. काही जण शहाणपणानं ३.८ लिहितात, तेही चूक, आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तुमच्या सगळ्या वह्या त्याआधीच्या, तेव्हा रुपये, आणे, पै असे तीन वेगळे रकाने करा आणि बेरजेसाठी सगळ्याच्या पै करायचं काम भावाच्या प्रोग्रामला द्या. रुपयाच्या १९२, आण्याच्या १२, म्हणजे वरची रक्कम ६७८ पै.

मापाचंही तसंच. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा, हे खरं, पण ज्वारीचा शेर मापाचा आणि तेलाचा वजनाचा असू शकतो, म्हणून लगेच ग्रॅम करत बसू नका. वहीत जे आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात, तुम्ही लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात. तिथी असली तरी हेच. इसवी सन काढायला शक सालात सरसकट ७८ मिळवू नका, शके १८७२ चा चैत्र १९५० मधला, पण फाल्गुन १९५१ मधला.

नावं मात्र घाम काढतील. यल्लप्पा, येल्लप्पा, यलप्पा हा एक माणूस की तिघं? ओपनरिफाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी जवळजवळची नावं शोधून एकत्र दाखवतं, पण जोडायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं, आणि का जोडलं तेही लिहून ठेवायचं, नाहीतर व्हायव्हाला कुणीतरी नेमकं तेच विचारतंय. आणखी एक, ‘दुसऱ्या’ हा शब्द भाऊ एका पद्धतीनं टाइप करणार, तुम्ही वेगळ्या, स्क्रीनवर दिसायला सारखंच पण आतले कोड वेगळे, मग सर्चमध्ये अर्ध्या नोंदी गायब. त्याला म्हणावं शोधताना दोन्ही एकच धर.

मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षर-यादीत, जागा आहे, पण त्यानं हाताचं अक्षर वाचून होत नाही. टेसरॅक्ट हे फोटोतला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं ते छापील. जाणकाराला बसवूनच वाचून घ्या, आणि कुणी वाचलं, कुणी टाइप केलं याचाही रकाना ठेवा. रॉबर्टो बुसा या पाद्र्यानं १९४९ ला आयबीएम कंपनीच्या मदतीनं थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे ग्रंथ भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवायला घेतले, नाव त्याचं झालं, कार्डं पंच करणाऱ्या पोरींना कोण ओळखतंय?

आता भावाला एकच काम द्या. नोंदीवर क्लिक केलं की वहीच्या त्याच पानाचा फोटो शेजारी उघडला पाहिजे. पगाराची तारीख बाहेर शोधायची गरज पडेल असं वाटत नाही, ज्या दिवशी जमेची बाजू एकदम भरते तोच पगार.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो. मिल कामगारांच्या मुलाखती मोबाइलवर घेतल्यात. लिहून देणारं सॉफ्टवेअर लावलं तर कन्नड-तेलुगू शब्द आले की भलतंच काहीतरी लिहितं. काय करू?

उत्तर : गुरुजी, तो कच्चा मसुदा समजा, आणि कुठल्या मिनिटाला काय बोलणं आहे एवढं आधी नोंदवा, शोधायला ते पुरतं. म्हातारा माणूस मराठीतून कन्नडमध्ये शिरतो ते कुठल्या विषयावर, ते मात्र सॉफ्टवेअरला नाही कळणार. आणि मूळ आवाजाची फाइल कापू नका, दुसऱ्या पेनड्राइव्हवर आजच घ्या.