वाचकांचे प्रश्न : दशावताराच्या कॅसेट आणि लॅपटॉपची घरघर

प्रश्न : बाबांनी जत्रेतल्या दशावताराच्या कॅसेट भरून ठेवल्यात, त्या लॅपटॉपवर घ्यायच्यात. टेपडेक जोडला की सतत घरघर येते. बाहेरून लावायचं साउंड कार्ड कुठलं घेऊ?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आधी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, घरघर गेली तर दोष ग्राउंडिंगचा म्हणजे अर्थिंगचा आहे आणि नुसतं नवीन कार्ड घेऊन तो जाईलच असं नाही.

कार्ड घेताना मात्र एक गोष्ट अजिबात सोडू नका, त्याला लाइन-इन, म्हणजे डेकसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक हवं, शक्यतो लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचं. पेनड्राइव्हसारख्या स्वस्त कार्डात बऱ्याचदा फक्त माइकचं भोक असतं, तेही मोनो, त्यात डेकचा आवाज घातला की झांज वाजल्यावर सगळं फाटतं आणि पखवाज नि पेटी एकाच जागी गोळा होतात, मग ते कितीही साफ करा, परत येत नाही.

रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झाला, १९२ किलोहर्ट्झच्या आकड्याला पैसे घालू नका, कॅसेटमध्ये तेवढं नसतंच. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाणार नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ २ चा ड्रायव्हर, म्हणजे अशी कार्डं चालवणारं सॉफ्टवेअर, आतच आहे, ते बहुधा वेगळं घालावं लागणार नाही.

आणि हो, आपल्याकडची खारी हवा पिना गंजवते, काम झालं की कार्ड सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात ठेवा. डेकचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच पहिली कॅसेट लावा.