नागपूरच्या उन्हात घरीच गाडी धुवायला अन् वॅक्स करायला काय काय घेऊ?

भाऊ, आधी ते भांड्याचं लिक्विड बंद करा, चिकटपणासोबत गाडीवरचं वॅक्सही काढून नेते. पीएच न्यूट्रल (ना आम्लारी, ना अल्कधर्मी) कार शाम्पू, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक मिट म्हणजे धुवायचा हातमोजा खंगाळायला) अन् चांगले मायक्रोफायबर, बस. जुन्या बनियनचा फडका नको, त्यात खडा अडकला की क्लिअरकोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) गोल गोल चरे उमटतात. बोरचं पाणी असेल तर लगेच पुसा नाहीतर पांढरे डाग बसतात, अन् मे महिन्यात 45 डिग्रीत तापलेल्या बोनेटवर तर शाम्पूच वाळून जाते, म्हणून सकाळी सहालाच, सावलीत. कार्नौबा वॅक्स (झाडाच्या पानांपासूनचं नैसर्गिक मेण) चमक मस्त देते पण आपल्या उन्हात टिकत नाही जास्त, गाडी बाहेरच उभी राहत असेल तर सिंथेटिक सीलंट (रंगाला जपणारा कृत्रिम थर) घ्या. डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश मात्र नकोच, समोरच्या काचेवर चमक मारते.