पिस्तुलाने आत्मा मरत नाही, बाबा

शॅडोरन या फाशांनी खेळायच्या रोलप्लेइंग खेळासाठी पहिलंच पात्र करतोयस ना? मग बंदुकांच्या तक्त्यात अख्खा रविवार घालवू नकोस. एक हेवी पिस्तूल, एक आर्मर जॅकेट, आणि पैसे उरले तर बरंसं खोटं ओळखपत्र. खांद्याला असॉल्ट रायफल लावून सिॲटलमध्ये फिरणं म्हणजे कोयता परजत दादर स्टेशनात शिरणं. शत्रू राहिला बाजूला, आधी पोलीसच धरतील.

खरी गोची आत्म्यांची, म्हणजे जादूगार बोलावतात त्या जादुई जीवांची. पाचव्या आवृत्तीत साध्या हत्यारांपुढे त्यांचं कवच फोर्सच्या (त्यांच्या ताकदीच्या आकड्याच्या) दुप्पट, म्हणजे फोर्स 6 ला 12. तुझ्या प्रेडेटर पिस्तुलाचं डॅमेज 8, कवचातून कापणार फक्त 1, म्हणजे 11 उरतंच. समोरच्यापेक्षा निदान 3 हिट (यशस्वी फासे) जादा पडल्याशिवाय साधा ओरखडा नाही, आणि पडले तरी आत्म्याला मार सोसायचे फासे आहेतच. माझ्या पहिल्या पात्राने, एका धिप्पाड ट्रोलने, दोन मॅगझिन रिकामी केली. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, शांतपणे वडापाव खात म्हणाला, ‘पुढे?’

अशा वेळी जादूगाराला वाचव. त्याच्या मॅनाबोल्ट या मंत्राला कवच आडवं येत नाही, समोरच्याच्या इच्छाशक्तीशीच काय तो सामना. फक्त जादूगाराला हावरटपणा करू देऊ नकोस. हिट त्याच्या मॅजिकच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, की ड्रेन (मंत्राचा त्याच्यावरच उलटणारा ताण) थकव्यावर न भागता थेट जखमा करतो.

जादूगाराच्या अंगात सायबरवेअर, म्हणजे शरीरात बसवलेली यंत्रं? त्याने एसेन्स (अंगातलं माणूसपण मोजणारा आकडा) 6 वरून उतरला की मॅजिकही उतरतं. पहिल्या पात्रात नकोच.

आणि येताना स्वतःचे पंधराएक फासे आण. माझे निम्मे कुणाकुणाच्या सोफ्याखाली आहेत.