जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. जुलैमध्ये आम्ही उभयता इंदूरहून मुंबईमार्गे तिच्याकडे जाणार आहोत. तिकिटावर मुंबईहून रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला न्यूयॉर्क, असे छापले आहे. परतीचे विमान मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरते. एवढा फरक कसा? पृथ्वी फिरते म्हणून का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, म्हणून दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. जुलैमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा. तेव्हा तिथले सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५.३०, आणि जाण्याचा प्रवास १६ तासांचा. परतताना तिथली दुपार म्हणजे आपले रात्रीचे ९.३०, तिथून साडेचौदा तास.

खरा फरक दीड तासाचाच, आणि तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे थेट पडत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना ते बहुधा समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तानावरून थेट पश्चिमेला जाईलसे वाटते. नातवंडांचा पृथ्वीगोल घेऊन मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन टिंबांवर दोरा ताणून धरा : तो आपोआप वर सरकतो आणि उत्तर युरोपावरून, ६० अंश अक्षांशाच्याही पलीकडून, मग खाली उतरतो. गोलावर सर्वांत जवळची वाट हीच. प्रत्यक्षात विमान वाऱ्याचा अंदाज घेऊन आणि ज्या देशांचे आकाश बंद असेल त्यांना वळसा घालून जाते, त्यामुळे अंतर वाढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक फेऱ्या लांबल्या.

(आपल्या शेजारचे उज्जैन हे प्राचीन भारतीय ज्योतिषगणिताचे मध्यरेषेचे गाव, तिथला सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २७ मिनिटे मागे चालतो. गावागणिक वेळ बदलते, हे माळव्याने फार पूर्वी मोजले होते.)

इंदूर–मुंबई हवाई अंतर जेमतेम ५०० किलोमीटर आणि उड्डाण सव्वा तासाच्या आसपासचे असले, तरी मुंबईतला मुक्काम, तपासण्या आणि तिकडची इमिग्रेशनची रांग धरून घर ते घर एक दिवसाहून अधिक लागेल. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून भारतीय वेळेप्रमाणे लिहून घ्या आणि एक मनगटी घड्याळ मुंबईच्याच वेळेवर असू द्या; विमानात तेच उपयोगी पडते.