उपनगरी स्थानकांवर तिकीट यंत्रं आणि स्वयंचलित गेट बसवली तर गर्दी कमी होईल का?

खिडकीसमोरची रांग नक्की कमी होईल. गेटसमोर मात्र नवी रांग लागू शकते, कारण सगळा खेळ गेटच्या वेगाचा आहे. तिकीट काढायला माणसं एकेक करून येतात, पण उतरताना अख्खी गाडी एकदम गेटवर येऊन आदळते. म्हणून गेट किती हवीत, हे बाहेर पडणाऱ्यांच्या लोंढ्यावरून ठरवावं.

जपानमध्ये ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्थानकावर अशी गेट १९६७ सालीच बसली. जपानी गेटची गंमत म्हणजे ती बहुतेक वेळ उघडीच असतात, तिकिटात घोळ असेल तरच झडप आडवी येते. त्यामुळे चालणाऱ्याची लय मोडत नाही. पुढे २००१ मध्ये टोकियो परिसरात सुइका हे गेटला टेकवायचं प्रवास कार्ड आलं. त्याआधीच्या चाचण्यांत लोकांना कार्ड कुठे आणि कसं टेकवायचं तेच कळेना. शेवटी टेकवायचा पृष्ठभाग प्रवाशाकडे १३.५ अंशांनी तिरका केला आणि काम झालं! एवढ्याशा गोष्टीवर अख्खी यंत्रणा अडते.

सामान, बाबागाडी, व्हीलचेअर यांच्यासाठी एक रुंद गेट आणि तिथे एक माणूस हवाच. आणीबाणीत सगळी गेट आपोआप उघडली पाहिजेत, यात तडजोड नको.

बाकी बर्लिनच्या एस-बान या उपनगरी रेल्वेला गेटच नाहीत, तपासनीस गाडीत अचानक तिकीट तपासतात. स्थानकाला चहूबाजूंनी वाटा फुटत असतील, तर आधी कुंपणाचा खर्च मोजा आणि मग गेटचं बघा.