आजारपणामुळे पन्नाशीच्या आत नोकरी सोडून नंतर फिरणं खरंच जमतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४७, सरकारी बँकेत १९ वर्षं झाली, र्‍हुमॅटॉइड संधिवाताने नोकरी झेपेनाशी झालीय, सोडली तर थोडं फिरायची इच्छा आहे. पण घरचे म्हणतात, ज्याला खुर्चीत बसून काम होत नाही त्याला प्रवास काय होणार.

होतो. मीही बँकेतलीच. सांगली जिल्ह्यातल्या शाखांमध्ये २७ वर्षं काढून ५१व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आजार तुमचाच. निवृत्तीनंतर मी नोकरीच्या काळात फिरले नसेन इतकी फिरलेय, आणि तब्येत तेव्हापेक्षा बरी आहे.

घरच्यांना समजावायचं असेल तर हे सांगा: या आजारात ताकद नसते असं नाही, ती दिवसाच्या ठरावीक वेळी नसते. माझ्याकडे स्ट्राँगरूमची, म्हणजे बँकेच्या तिजोरीच्या खोलीची, एक किल्ली असायची, दुसरी हेड कॅशियरकडे. सकाळी पावणेदहाला दोघांनी मिळून उघडायची. माझी किल्ली चांगली वीतभर लांब, कुलूप जुनं, आणि नेमकी त्याच वेळी माझी बोटं मिटत नसत. दोन्ही तळव्यांत किल्ली दाबून धरायची आणि अख्खं अंग वळवायचं, तेव्हा ती फिरे. हेड कॅशियर बिचारा मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राही. साडेअकरापर्यंत बोटं सुटत आणि दुपारी तीनला मला कुणी पाहिलं असतं तर ही बाई आजारी आहे असं शपथेवर सांगूनही पटलं नसतं. दुखणं सकाळचं आणि नोकरीही सकाळचीच, तिढा एवढाच होता. प्रवासात सकाळ आपल्या ताब्यात ठेवता येते. ठेवली तर जमतं, नाहीतर घरच्यांचं म्हणणं खरं ठरतं.

पण फिरण्याआधी कागद. तुमच्या १९ वर्षांचा आकडा वाचून मी जरा दचकले, म्हणून हे सविस्तर लिहिते.

काहीही झालं तरी राजीनामा देऊ नका. वैतागाच्या भरात 'मी राजीनामा देत आहे' असं एक वाक्य अर्जात गेलं की बँकेच्या पेन्शन नियमांप्रमाणे (१९९५चे विनियम) मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. स्वेच्छानिवृत्तीला पेन्शन मिळते, पण त्यासाठी २० वर्षांची पात्र सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी नोकरी) पूर्ण हवी आणि ती पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुमची १९ झालीत. म्हणजे आत्ता कितीही असह्य झालं तरी वीस भरेपर्यंत टिकायचं आहे. त्यासाठी आजारपणाची रजा असते. ती अर्ध्या पगाराची असते, दुप्पट दिवस खर्ची टाकून पूर्ण पगारी करून घेता येते. बिनपगारी रजेच्या वाटेला शक्यतो जाऊ नका, ती पात्र सेवेत सहसा धरत नाहीत आणि मग वीसचा आकडा पुढे सरकतो.

दुसरा मार्ग म्हणजे असमर्थता पेन्शन. त्याला दहा वर्षांची सेवा पुरते, पण कायमचे अकार्यक्षम झाल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. आपल्या आजारात तो मिळणं अवघड, कारण डॉक्टर तपासतात दुपारी! शिवाय कायमचे असमर्थ असा शिक्का मला स्वतःला नको होता. ज्यांची अवस्था खरोखर तशी आहे त्यांनी संकोच न करता तो मार्ग घ्यावा. वीस भरायला काही महिनेच उरलेल्या माणसाने मात्र स्वेच्छानिवृत्तीच घ्यावी असं माझं मत.

पैशांचं थोडक्यात. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी ही पूर्ण पेन्शन, तीही सेवा ३३ वर्षं असेल तर. त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षं वाढवून धरायची तरतूद नियमांत आहे, तुमच्या बाबतीत किती धरणार ते बँकेकडून लेखी घ्या. तोंडी कुणी काहीही सांगतं. पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, मग १५ वर्षं तेवढी पेन्शन कमी मिळते. मी विकला. त्यातून घराचं उरलेलं कर्ज फेडलं, म्हणून तर दरमहाच्या पेन्शनमधून फिरणं परवडतं.

विम्याचं मात्र निवृत्तीच्या आधी बघा. बाहेरची नवी पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बँकेतून निवृत्त झालेल्यांसाठी गटविमा असतो, त्यात निवृत्त होतानाच नाव घाला. हप्ता आपल्या खिशातून आणि तो दरवर्षी डोळे पांढरे करतो. तरीही घाला.

आता लोकांचं. हा भाग मला कागदांपेक्षा जड गेला, म्हणून वगळत नाही. निवृत्तीनंतर मी कर्नाटकात बदामीला गेले आणि तिथल्या तळ्याकाठचा फोटो स्टेटसला ठेवला. आमच्या जुन्या शाखेतल्या एका बाईंनी खाली लिहिलं, 'आजारपण छान चाललंय की!' वर दोन हसरे चेहरे. रात्रभर झोप लागली नाही. आजारी माणसाने घरात पडून राहावं, दाराशी आलेल्याला कण्हत चहा द्यावा, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. तसं केलंत तर सगळे हळहळतात. हिंडलात की संशय. त्या फोटोआधी मी साडेदहापर्यंत गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले होते, त्याचा फोटो कोण टाकतं? मी फोटो टाकणं बंद केलं नाही, पण त्या बाईंना उत्तरही दिलं नाही. तुमच्याही वाट्याला हे येणार, तेव्हा मनाची तयारी ठेवा.

निवृत्तीनंतर लगेच कुठे गेले नाही. आधी औषधं बसवून घेतली. आम्हाला मिरज जवळ, डॉक्टरांची वाण नाही. मेथोट्रेक्सेट तुम्हाला चालू असेलच. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, आणि प्रवासात वारांचा हिशेब चुकतो हे लक्षात ठेवा. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. मी गोळ्यांच्या पाकिटावर जाड अक्षरात 'फक्त रविवार' लिहून ठेवलंय. सोमवारी मळमळतं, म्हणून सोमवारी गाडीत बसायचं नाही हा आमच्याकडचा नियम. या औषधावर लागणाऱ्या रक्ततपासणीसाठी घरी परतायची गरज नसते, तालुक्याच्या गावात लॅब असते आणि रिपोर्ट फोनवर डॉक्टरांना पाठवता येतो. इंजेक्शनवर असाल तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. माझं इंजेक्शन नाही, पण आमच्या ओळखीतल्या एकजणी बर्फाच्या पिशव्यांचा डबा घेऊन हिंडतात आणि लॉजवाल्याच्या फ्रिजमध्ये जागा मागतात.

मी सहसा वन्संबरोबर जाते. मिस्टर शाळेत शिक्षक, त्यांना सुट्टी मे महिन्यात, आणि मे महिन्यात कर्नाटकात हिंडणं म्हणजे शिक्षा. वन्सं साठी उलटलेल्या, गुडघे ठणठणीत, माझ्यापुढे शंभर पावलं चालतात. वन्संबरोबर जाण्याचा रेल्वेतही फायदा होतो. खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो, त्यात पुरुषाला ६० पूर्ण लागतात पण बाईला ४५ पुरतात. एकटी असेल किंवा अशा दोघी असतील तरच तो लागू होतो. मिस्टरांचं नाव तिकिटात घातलं की गेला. ते यावर रागावतात. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चमध्ये बंद झाली, पण हा कोटा आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. पुढे कर्नाटकच्या गाडीत तिथल्या बायका फुकट आणि आपण पूर्ण तिकीट.

ग्रुप टूरच्या वाटेला जाऊ नका. त्यांची चूक नसते, त्यांना चाळीस माणसं हलवायची असतात. पण पहाटे साडेपाचला चहा, सहाला बॅगा खोलीबाहेर, हे आपल्याच्याने होत नाही. आपण बसमध्ये शेवटी चढतो, सगळे आपल्याकडे बघतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण खोटं खोटं बरं असल्याचं दाखवून जास्त चालतो. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो.

मी एका गावात मुक्काम टाकते आणि आठ-दहा दिवस हलत नाही. बदामीचंच सांगते. तिथल्या चार लेण्या एकाच डोंगराच्या कुशीत, एकीपेक्षा एक वर, दगडी पायऱ्यांनी जोडलेल्या. लोक तासाभरात चारही उरकून खाली येतात. मी रोज एक केली. पहिल्या दिवशी पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघून परत. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं, तिथे इसवी सन ५७८चा शिलालेख आहे. त्या दिवशी तिथल्या खांबाला टेकून मी बराच वेळ बसले आणि शाळेच्या दोन सहली माझ्यासमोरून आल्या नि गेल्या. तिकीट रोज नवं काढावं लागलं, तेवढं सोसलं. बदामीजवळच्या पट्टदकलला तर आपल्यासारख्यांनी जावंच. बहुतेक देवळं एका आवारात, सपाट जमिनीवर, मधे हिरवळ आणि बसायला जागा. हंपीला चालणं फार आणि जमीन खडबडीत, पण विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी नेते. मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट होसपेटला जाते, तिथून हंपी जवळ. मातंग टेकडीवर वन्सं गेल्या, मी खाली शहाळं पीत बसले.

बदामीजवळच बनशंकरीचं देऊळ आहे, आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. तिथे दुपारी बायका टोपल्यांत जेवण घेऊन बसतात. ज्वारीची कडक भाकरी, झुणका, शेंगांची चटणी, मडक्यातलं दही. मऊ पोळीचा घास तोडायला दोन बोटांची चिमूट लागते आणि माझी चिमूट वाईट दिवसात बसत नाही. ही भाकरी नुसती दाबली की मोडते. सहा दिवस मी तेच जेवले. वाढणाऱ्या अम्मांनी शेवटच्या दिवशी न विचारता भाकरी आधीच मोडून पानात ठेवली. त्यांनी कधी बघितलं कुणास ठाऊक, मी तर त्यांना काही बोलले नव्हते, मला कानडी येतच नाही.

काही जागा मी सोडून दिल्यात. थंड हवेची ठिकाणं नकोत, माझी बोटं तिथे दुपारीही सुटत नाहीत. भाच्याने केनियाला चला म्हटलं होतं, पण आमच्या डॉक्टरांनी या औषधांवर पीतज्वराची (यलो फीव्हरची) जिवंत लस नको असं सांगितलं. मग नाही गेले. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही नोकरी सोडण्याआधीच एकदा करून बघा. रजेतले चार दिवस, घरापासून दोन-तीन तासांवरचं गाव, फार खर्च न होणारं. खोली ठरवताना 'सोयी आहेत का' असं मोघम विचारू नका, सगळे हो म्हणतात. कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं (बऱ्याच ठिकाणी नऊला बंद होतं आणि आपल्याला ते साडेनऊला हवं असतं), आणि दाराला गोल मूठ आहे की खाली दाबायची दांडी. शेवटच्या प्रश्नाला लॉजवाला हमखास म्हणतो, 'काय म्हणालात?' त्याला बघून यायला सांगा. गोल मूठ पहाटे फिरत नाही, आणि आतून बंद झालेल्या खोलीत आपण अडकतो.

आणि त्याच्याही आधी, पात्र सेवेचा हिशेब लेखी मागणारा अर्ज याच आठवड्यात टाका, पोच घ्या. रुजू झाल्याची तारीख, मधल्या बिनपगारी रजा, सगळं तपासून घ्या. आमच्याकडे एवढ्या एका कागदाला दीड महिना लागला होता. पेन्शनच्या आकडेमोडीत कुठे अडलात तर इथेच खाली विचारा, दुपारनंतर उत्तर देईन.